रविवारची बैठक: पोकळीचं शिल्प

मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता नेहमीच्या हॉलवर जमायचंय. मागच्या खेपेला निम्मे जण साडेपाचला उगवले होते, त्यामुळे यंदा पाचच्या ठोक्याला सुरू करू.

विषय आहे ब्रिटिश शिल्पकार रेचल व्हाइटरीड यांचं १९९३चं ‘हाउस’. पूर्व लंडनमधल्या जुन्या घरांच्या रांगेतलं हे शेवटचं उरलेलं घर. त्यांनी त्यात आतून काँक्रीट फवारून घेतलं आणि मग बाहेरच्या भिंती काढून टाकल्या. उरली ती खोल्यांमधली हवाच, घट्ट होऊन. शेकोटीचे कोनाडे फुगवटे होऊन बाहेर आलेले, खिडक्या उलट्या उमटलेल्या. त्याच वर्षी त्यांना टर्नर पुरस्कार, म्हणजे ब्रिटनमधला मानाचा कलापुरस्कार, मिळाला आणि जानेवारी १९९४मध्ये हे शिल्प पाडलंही गेलं. आपल्यातल्या ज्यांची घरं पुनर्विकासात गेली, त्यांना यात बरंच ओळखीचं सापडेल.

येताना घरातला एक कोपरा पेन्सिलने काढून आणा. फक्त वस्तू काढू नका, वस्तूंमधली मोकळी जागा काढा. फळीवरच्या दोन डब्यांमधली फटसुद्धा चालेल. फोटो आधी ग्रुपवर टाकू नका, तिथेच बघू. चहा आहे, कप आपापला आणा.