रुग्णाची भाषा शिकवणाऱ्या आमच्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

परदेशातून वैद्यकीय शिक्षणासाठी आलेल्या आम्हा विद्यार्थ्यांना आपण स्थानिक भाषा शिकवलीत, त्याबद्दल हे जाहीर आभार. व्याख्याने, पुस्तके आणि परीक्षा इंग्रजीतच असल्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत भाषेचा तास वेळापत्रकाच्या कोपऱ्यात पडलेला असे, आणि संस्थेलाही त्याचे फारसे अगत्य नव्हते. क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे रुग्णालयात प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचे शिक्षण, सुरू झाल्यावर मात्र चित्र पालटले. भाषेचे कौशल्य मोजण्याच्या युरोप परिषदेच्या आराखड्यातील ए१ ते सी२ या सहा चढत्या पातळ्यांपैकी तिसऱ्या, म्हणजे बी१ चे प्रमाणपत्र हाती असले, तरी दात नसलेल्या वृद्धाचे पुटपुटणे किंवा घाबरलेल्या आईची अर्धवट वाक्ये त्यातून उलगडत नाहीत.

आपण वर्ग सोडून आमच्याबरोबर वॉर्डात आलात, हे माझ्या मते सर्वांत मोठे साहाय्य. मानसोपचारतज्ज्ञ व मानवशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७८ मध्ये सहकाऱ्यांसह मांडलेले प्रश्न, म्हणजे हा आजार कशामुळे झाला असे तुम्हांला वाटते, तो आत्ताच का सुरू झाला, त्यात सर्वांत जास्त भीती कशाची वाटते, हे आपण आमच्याकडून स्थानिक भाषेत घोटून घेतलेत. ‘समजले का?’ या प्रश्नाला रुग्ण संकोचाने मान डोलावतो. म्हणून औषध कसे घेणार हे त्यालाच सांगायला लावावे, त्याच्या लहान मुलाला दुभाषा करू नये, आणि दुभाषा असला तरी नजर रुग्णाकडेच ठेवावी, ही शिस्तही आपलीच. घरातील वडीलधारे रुग्णाऐवजी उत्तरे देऊ लागले, तर त्यांचा मान राखून रुग्णाला बोलते कसे करावे, हे तर कोणत्याच पाठ्यपुस्तकात सापडले नसते.

रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या ‘ऑस्की’ या टप्प्याटप्प्याने होणाऱ्या वैद्यकीय प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक टप्प्याला मोजकी मिनिटे मिळतात. मनातल्या मनात भाषांतर करणाऱ्याचे अडखळणे परीक्षकाला अज्ञान वाटू शकते, हे आपण विभागाच्या बैठकीत स्पष्टपणे मांडलेत. आमच्यापैकी कोणालाही ते बोलण्याचे धाडस झाले नसते.

आपण तयार केलेली संवादवही आता पुढच्या तुकडीच्या हाती आहे. तिच्यात बालरोग विभागाचे संवाद अजून थोडेच आहेत. ते वाढवण्याच्या कामात आमच्यापैकी कोणाची मदत हवी असल्यास अवश्य कळवावे.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी