राजवाडा बघायचा तर पंचांग बघून ये

सांगली,
नागपंचमी

प्रिय सुहास,
स. न. वि. वि.

राजवाडा आतून बघायचाय म्हणतोस, तर सुट्टी बघून तारीख धरू नकोस, पंचांग बघून धर. राजवाडा ज्या किल्ल्यात आहे त्या गणेशदुर्गातल्या दरबार हॉलमध्ये संस्थानचा, म्हणजे 'सरकारी' गणपती बसतो. त्या पाच दिवसांत दर्शनाच्या निमित्तानं आत शिरता येतं. एरवी राजवाडा चौकातून भिंती बघून परतशील.

पहिली गल्लत होते ती दिवस मोजताना. आपल्याकडं 'गौरी-गणपती' एका दमात म्हणतात, म्हणून बाहेरगावचे लोक गौरीविसर्जनाचा दिवस बघून गाडी पकडतात. गौरी नक्षत्रावर चालतात: अनुराधावर येतात, ज्येष्ठावर पूजा, मूळ नक्षत्रावर जातात. सरकारी गणपती मात्र दिवसांवर चालतो. चतुर्थीचा दिवस पहिला धरायचा आणि पाचव्या दिवशी विसर्जन. दोन्ही एकाच दिवशी येतीलच असं नाही, आणि एका दिवसानं चुकलास की हॉल रिकामा.

दुसरी गल्लत गणपतींची. भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला गणपती मंदिरात गाजावाजा न करता बसतो तो 'चोर गणपती'. तो कागदाच्या लगद्याचा, त्याचं विसर्जन होत नाही. मंदिरातला मूळ गणपती वेगळा आणि दरबारातला पाच दिवसांचा तिसरा. रिक्षात बसताना नुसतं 'गणपतीला सोड' म्हणालास तर थेट मंदिरात जाशील. 'राजवाडा चौक' म्हण.

हॉल बघायला दुसरा किंवा तिसरा दिवस धर, शक्यतो सकाळी. पहिल्या दिवशी प्रतिष्ठापनेची धांदल असते. पाचव्या दिवशी सगळ्यांचं लक्ष मिरवणुकीकडं, तेव्हा मागून रेटा असतो आणि मान वर करायला उसंत मिळत नाही. वाडा आणि मिरवणूक एकाच दिवसात उरकू म्हणणाऱ्यांचं दोन्ही अर्धवट राहतं. तीन मुक्काम कर, जेवायला घरीच.

आत गेल्यावर आधी दर्शन घे, मग रांगेतून बाजूला हो. ते देवाचं ठिकाण आहे, तिकिटाचं प्रदर्शन नव्हे. विचारल्याशिवाय फोटो काढू नकोस. चपला कापडी पिशवीत घालून जवळच ठेव. भाद्रपदातल्या पावसात बाहेरच्या ढिगात चामडी चप्पल भिजून फुगते. छत्रीऐवजी रेनकोट बरा, तोही बाहेरच झटक. दमट हवा आणि ठिबकणारं पाणी हे जुन्या लाकडाचे वैरी.

जुनं लाकूडकाम बघायचं तर नक्षीपासून सुरुवात करू नकोस, खालून वर बघ. राजवाड्याच्या आवारात असो की गावभागातल्या, म्हणजे जुन्या वस्तीतल्या, एखाद्या वाड्यात, लाकडी खांब दिसला की आधी त्याचा तळखडा, म्हणजे खालचा बैठकीचा दगड, बघ. खांब जमिनीत न पुरता दगडावर उभा करतात, म्हणजे ओल वर चढत नाही. पुढं कुणी फरशी घालून जमीन उंच करतो, तळखडा बुडतो, आणि वाळवी नेमकी त्याच सांध्यातून शिरते. वरून ऑइलपेंट मारलेला असला की पोकळी दिसत नाही. बोटानं वाजवलं तर भद्द आवाज येतो. (गावभागात मालकाला विचारून वाजव. राजवाड्यात हात मागं बांधूनच फिर.) मग वर तुळई बघ, आणि तिच्यावरचा कडीपाट, म्हणजे कड्या आणि फळ्यांचं लाकडी छत.

इतिहास सांगणारे भेटतील, त्यांच्याकडून दोन चिंतामणराव पटवर्धन, दोघेही इथले राजे, वेगळे करून घे, कारण दोघांनाही आप्पासाहेबच म्हणत. पहिल्यांनी १८०१ मध्ये मिरजेतून वेगळं होऊन सांगली संस्थान उभं केलं. त्यांच्याच आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ ला 'सीता स्वयंवर' केलं. मराठी रंगभूमी दिन त्याच तारखेचा. दुसरे १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं तेव्हाचे. गणेशदुर्ग हा मुळात खंदक असलेला भुईकोट. संस्थान गेल्यावर आवारात कचेऱ्या आल्या, त्यातल्या बऱ्याच पुढं इथल्याच विजयनगर भागात गेल्या. म्हणून एकसंध राजवाड्याची अपेक्षा ठेवून येऊ नकोस. मला विचारशील तर ही सरमिसळच सांगलीची खरी खूण.

पाचव्या दिवशी दुपारी लवकर जेवून चौकात ये. मिरवणूक गणपती पेठ, टिळक चौक करत सरकारी घाटावर जाते. गणपती पेठ अरुंद आहे. मधे अडकलास तर ना पुढं ना मागं. एकतर वाड्यातून निघतानाचा थाट बघ, नाहीतर आधीच घाटाकडं जा. निघण्याआधी आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती ते विचार: ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांवर गेली होती. कोयनेचा विसर्ग वाढला की घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, उरलेल्यांवर शेवाळी गाळ बसतो, आणि तिथं रबरी तळव्याची चप्पलसुद्धा घसरते. अशा वेळी वरच्याच पायरीवर थांब. पुराला कर्नाटकातलं अलमट्टी धरण कारण की नाही, हा वाद तुला कुणीही फुकट ऐकवेल, त्यात पडू नकोस.

मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची, पहाटे सांगलीत सोडते. झोप लागली तर डोळे मिरजेत उघडतील, तेव्हा गजर लाव. सणाचं आरक्षण लवकर भरतं, आजच बघ. वहिनी येणार असतील तर तसं कळव, म्हणजे माडीवरची खोली झाडून ठेवतो.

तुझा,
अविनाश