नाताळ गव्हाणीपर्यंत जाऊ दे

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

नाताळ आला की पेपरात सेल, केक, सांताच्या टोप्या सगळं येतंच. हे पत्र मात्र आम्हा ख्रिस्ती लोकांसाठीच आहे, तुमच्या पेपरातून गेलं तर जास्त घरांत पोचेल म्हणून लिहितेय.

आमच्या नगरकडे नाताळ म्हणजे करंज्या, चकल्या, पहाटेची प्रभातफेरी आणि पेटी-तबल्यावर गाणी. रेव्ह. ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताची भक्ती अभंग-ओवीत आणली, ती गाणी माझ्या आजीला पुस्तक न उघडता यायची. आता दोन-तीन वर्षं झाली फेरीत साउंडची गाडी असते, आवाज एवढा की आपण काय गातोय ते आपल्यालाच ऐकू येत नाही आणि मग पोरं दमून उपासनेत पेंगतात. फार वाईट वाटतं हो.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात साधं लिहिलंय, मरीयेने बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवलं कारण उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. १२२३ साली संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावात खरा बैल, खरं गाढव, गवत आणून देखावा केला तो पण याचसाठी, त्या बाळाचे हाल लोकांना डोळ्यांनी दिसावेत म्हणून. आपण तोच गोठा थर्माकोलचा करतो, वर लायटिंग, आणि बक्षीस कोणाला मिळालं ते बघतो.

मागच्या वर्षी २४ तारखेला संध्याकाळी आम्ही सात-आठ जणी फराळ आणि गोधड्या घेऊन ऊसतोडवाल्यांच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर गेलो. एका कोपीत नऊ दिवसांची बाळंतीण, बाळ साडीच्या झोळीत, दाराशी बैल वाढं खात होते आणि पाचटातून गार वारा सरळ आत. सासू म्हणाली, आठवड्याभरात जाईल ही मोळ्या बांधायला, कोयता एकटा कसा चालणार. (नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात.) आम्ही एकच गाणं म्हटलं, हळू, बाळ उठू नये म्हणून. उतारशाळेत जागा नव्हती हे मी लहानपणापासून वाचतेय, पण त्या दिवशी रात्रीच्या उपासनेत ते वाचताना माझ्याच्याने पुढे वाचवेना.

म्हणून एवढंच सुचवायचंय, लूकचे अध्याय २४ आहेत, १ डिसेंबरपासून घरात रोज एक वाचला तर नाताळच्या आदल्या रात्री बरोबर संपतो, पोरांना पण जमतं. ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याच्याकडे करंज्यांचं ताट आधी पाठवा, बाकीच्यांना नंतर दिलं तरी चालेल. आणि साउंडच्या पैशात अशा बाळंतिणींसाठी डिंक, खोबरं, तूप किती येतं त्याचा हिशोब प्रत्येक चर्चच्या मंडळीने एकदा करून बघावा.

आम्ही यंदा पण जाणार आहोत, टोपडी-कुंच्या शिवायला घेतल्यात, बाकीच्या मंडळ्यांनी पण आपापल्या गावाबाहेरच्या कोप्यांवर जावं. पेटी नको, टाळ पुरे.

आपली,
एक वाचक, अहिल्यानगर