'नातं' या रकान्यात आम्ही काय लिहायचं? महिला व बालविकास मंत्र्यांना खुलं पत्र

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

ताई, नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातली. घरी केळी, थोडा कापूस, मिस्टर नोकरीला. मागच्या वर्षीच्या जूनपासून आमच्याकडे एक पोरगा राहतोय, आता आठ वर्षांचा आहे. नाव लिहीत नाही, कायद्याने लिहायचंही नसतं. आम्ही त्याचे प्रतिपालक, म्हणजे फॉस्टर पालक. घरी ठेवून सांभाळतो, पण कायद्याने त्याचे आई-बाप नाही. दत्तक नाही. आणि हा फरक बाहेर कोणालाच समजावता येत नाही, त्याचसाठी हे पत्र.

आधी आम्ही दत्तकसाठीच निघालो होतो. आमच्याकडे दत्तक म्हटलं की भावाचा पोरगा, स्टॅम्पपेपर अन शेतातला हिस्सा, एवढंच. एका बाईने तर सरळ सांगितलं, कशाला ऑनलाइनच्या भानगडीत पडता, दवाखान्यात ओळख आहे, सांगून ठेवते. मूल विकत घेणं-देणं म्हणजे बाल न्याय कायद्याचं कलम ८१, पाच वर्षांपर्यंत जेल आणि एक लाख दंड, आणि ही बाई असं बोलत होती जशी एखादी गाभण म्हैस सांगून ठेवायची. मग 'कारा'चं, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं, पोर्टल बघितलं. लहान बाळासाठी वेटिंग तीन वर्षांच्या वर, आणि आमचं दोघांचं वय मिळून ९१. दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं तर बेरीज ८५ च्या आत पाहिजे, चार वर्षांपर्यंतचं हवं तर ९०. एका वर्षाने हुकलं भो! तेव्हा बाल संरक्षण कक्षातल्या एका मॅडमनी प्रतिपालकत्वाचं सांगितलं, की सहा वर्षांच्या वरची पोरं बालगृहात आहेत, त्यांना कोणी मागत नाही, घरी ठेवा, आणि नियम जमले तर दोन वर्षांनी त्यालाच दत्तक घेता येतं. आधी ही मुदत पाच वर्षं होती. २०२४ च्या नव्या गाइडलाइनमध्ये तर ३५ च्या पुढची एकटी बाईसुद्धा फॉस्टर पालक होऊ शकते. चांगला बदल केलाय, खरंच.

पोरगा आला त्या संध्याकाळी मी शेवभाजी केली होती. तो आपला ओट्याजवळ उभा. म्हटलं बस ना रे, तर म्हणतो, "आंटी, जेवणाची बेल कधी होते?" पुढे महिनाभर ताट धुऊन, पुसून, पालथं घालून परत तिथेच उभा राहायचा. मी काही बोलले नाही, आपोआप सुटलं.

मग श्रावणात कानबाई आली, आमच्या खान्देशातली देवी. रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, घरातल्या माणसांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू काढतात आणि रोट फक्त भाऊबंदकीतच खातात, बाहेरच्याला देत नाहीत. आता याचं काय करायचं, मी गप्प, मिस्टर गप्प, चुलत सासरे छताकडे बघतायत. सासूबाई म्हणाल्या, "त्यानी बी मूठ काढ व माय, हाऊ आपलाच पोऱ्या शे." विषय संपला. कानबाईला दाखला लागला नाही, पण बाकी सगळीकडे लागतो.

शाळेत क्लार्कने विचारलं, हा तुमचा कोण? प्रतिपालक म्हटलं तर म्हणे म्हणजे काका का? पोरगा आमच्याकडे सोपवल्याची बालकल्याण समितीची ऑर्डर दाखवली, ती उलटीसुलटी करून परत दिली, म्हणे बालसंगोपनचा फॉर्म इथे नाही भरत. बालसंगोपन म्हणजे ती मुलांसाठीची २२५० रुपये महिन्याची सरकारी मदत, ती योजना सगळ्यांना माहिती आहे, म्हणून आमचाही कागद त्याच खात्यात टाकतात. बँकेत तेच. आणि पावसाळ्यात तो पडला, मनगट मोडलं, तर दवाखान्यात संमतीच्या फॉर्मवर 'नातं' हा रकाना. पोरगं रडतंय, नर्स म्हणते आई लिहा ना पटकन, अन मी पेन धरून उभी, कारण खोटं लिहिलं आणि उद्या तेच फाइलला लागलं तर? शेवटी 'प्रतिपालक' लिहिलं, मग डॉक्टर येईपर्यंत तो फॉर्म टेबलावर पडून.

तर ताई, माझं मागणं मोठं नाही. समितीच्या ऑर्डरसोबत एक साधं, फोटोवालं कार्ड द्या, हे या मुलाचे प्रतिपालक आहेत, शाळेत, बँकेत, दवाखान्यात यांची सही चालेल असं मराठीत लिहिलेलं, आणि ते मानायचं म्हणून जीआर काढा. दुसरं, तालुक्याला एक माणूस नेमा, अंगणवाडीच्या प्रकल्प कार्यालयातला असला तरी चालेल. आम्ही एसटीने जळगावला जाऊन येतो, दिवस मोडतो पण जमतं, धडगावच्या माणसाने प्रत्येक कागदासाठी नंदुरबार गाठायचं म्हणजे तो अर्ज करणारच नाही.

येत्या जूनला आमची दोन वर्षं होतील. त्याला दत्तकसाठी मोकळा जाहीर करायचं समितीच्या हातात आहे, आणि आता दत्तकाची ऑर्डर कोर्टाऐवजी कलेक्टर साहेब देतात हे त्याला कुठून कळलं कोण जाणे, परवा विचारत होता, "कलेक्टर रविवारी असतात का?"

आपली,
एक प्रतिपालक
(ता. चोपडा, जि. जळगाव)