छापलेले विषय साठ, घेता येणारे किती?

महोदय,

प्रवेशाचा हंगाम आला की आपल्या पुरवणीत विद्यापीठांच्या जाहिराती येतात आणि त्यांत ऐच्छिक विषयांचा आकडा ठळक छापलेला असतो. तो माहितीपत्रकातला आकडा. विद्यार्थ्याच्या पदरात काय पडणार हे वेळापत्रक ठरवते, आणि ते प्रवेश घेताना कोणी दाखवत नाही.

साधा हिशेब करून पाहा. आठवड्याचे ५ दिवस, रोज ८ तासिका, म्हणजे ४०. सक्तीचे ४ विषय प्रत्येकी ३ तासिकांचे, झाल्या १२. दोन प्रात्यक्षिके, प्रत्येकी सलग ३ तासांची, झाले ६. उरल्या २२. ऐच्छिक विषयाच्याही आठवड्याला तीन तासिका असतात आणि तिन्ही या बाविसांतच बसायला हव्यात. एक जरी सक्तीच्या तासावर आली तरी तो विषय हातचा गेला. प्रत्येक विभागाने आपापल्या सोयीने तास विखरून लावले तर सहा-साडेसहा विषयांमागे एखादाच जुळतो. साठांच्या यादीतून नऊ-दहा. त्यांतलेही काही एकमेकांवर आदळतात ते वेगळेच.

यावरचा उपाय अनेक ठिकाणी वापरात आहे. चाळीस तासिकांचे आधीच तीन-तीनचे १३ गट पाडायचे. काही गट आठवडाभर विखुरलेले, काही प्रात्यक्षिकांसाठी दुपारी सलग. एक तासिका उरते, ती बैठकांना ठेवावी. कोणताही विषय एकाच गटात पूर्ण बसवायचा, अर्धा इथे अर्धा तिथे चालणार नाही. मग दोन विषय एक तर पूर्ण आदळतात, नाही तर अजिबात आदळत नाहीत. सक्तीचे आणि प्रात्यक्षिकांचे मिळून ६ गट गेले, ७ मोकळे राहिले. ऐच्छिक विषय तेराही गटांत सारखे वाटलेले असतील तर साठांपैकी बत्तीसच्या आसपास विषयांची वाट मोकळी होते. शिक्षक तेच, खोल्या त्याच.

घोडे अडते ते वाटणीपाशी. सकाळची पहिली तासिका आणि शुक्रवारची शेवटची कोणालाच नको असते, त्यामुळे सगळे ऐच्छिक विषय मधल्या चार-पाच गटांत दाटीने बसतात आणि पुन्हा तोच घोळ. कोणत्याही विभागाने एका गटात आपला दुसरा ऐच्छिक विषय तेव्हाच लावावा, जेव्हा त्या विभागाचे बाकीचे विषय इतर गटांत लागले असतील, एवढा नियम केला तरी बरेच सुटते. काही संस्था सरळ पळवाट काढतात : सगळे ऐच्छिक विषय एकाच राखीव वेळेला. यात विद्यार्थ्याला यादीतला कोणताही विषय मिळतो, पण एका सत्रात एकच. शिवाय जितके विषय तितक्या खोल्या एकाच वेळी लागतात. त्या नसल्या की विषय गुपचूप बंद होतात.

यादी फुगते ती आणखीही काही कारणांनी. एकच विषय दोन विभागांच्या नावाने दोनदा मोजला जातो. शिकवणारे निवृत्त झाले तरी विषय छापलेला राहतो. काही विषय वर्षाआड होतात, आणि याचा फटका साखळीतल्या विषयांना बसतो : दुसऱ्या पातळीसाठी पहिली, तिसरीसाठी दुसरी. मधली कडी वर्षाआड असेल आणि एकदा हुकली, तर तिसरी पातळी तीन वर्षांच्या पदवीत बसतच नाही. म्हणून शेवटच्या वर्षी काय घ्यायचे ते आधी ठरवावे आणि तिथून उलटे मागे यावे.

किमान पटसंख्येचे खापरही विद्यार्थ्यावरच फुटते. सत्र सुरू झाल्यावर आठवड्याभराने ‘दहा जण भरले नाहीत’ म्हणून विषय रद्द होतो; तोवर इतर वर्ग भरलेले असतात. विद्यार्थ्यांचा कल सत्राआधी महिनाभर घेऊन निर्णय तेव्हाच जाहीर करायला काय हरकत आहे? जागा कमी असतील तर ‘आधी येईल त्याला’ ही पद्धत तर सर्वांत वाईट. ज्याचे इंटरनेट चपळ, त्याला विषय! त्यापेक्षा पसंतीक्रम घेऊन सोडत काढावी आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आधी संधी द्यावी.

श्रेयांकांची (क्रेडिट्सची) बेरीजही तपासावी. पदवीला ऐच्छिक विषयांचे २० श्रेयांक हवेत आणि विषय तीन-तीन श्रेयांकांचे, तर सहा विषयांत १८ होतात. दोनांसाठी सातवा अख्खा विषय घ्यावा लागतो. युरोपीय पद्धतीत वर्षाचे काम ६० श्रेयांकांचे आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तास धरतात. म्हणजे तिथे ६ श्रेयांकांचा विषय दीडशे ते एकशेऐंशी तास मागतो. ‘हलकाफुलका’ म्हणून जादा विषय घेणाऱ्यांनी हा आकडा पाहावा.

यादी लांब झाली की शिक्षण चांगले झाले, हेही खरे नव्हे. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स इलियट यांनी १८६९ ते १९०९ या काळात सक्तीचे विषय जवळजवळ संपवले. पुष्कळ विद्यार्थी तोंडओळखीचेच विषय गोळा करून पदवी घेऊ लागले. त्यांच्यानंतर अध्यक्षपदी आलेल्या लॉवेल यांनी एका विषयात खोलवर अभ्यास आणि इतर क्षेत्रांतले ठरावीक विषय, अशी चौकट घातली. तेव्हा निवड मोकळी असावी, पण बिनबुडाची नको.

प्रवेश घेणाऱ्यांनी माहितीपत्रकासोबत मागील दोन वर्षांची प्रत्यक्ष वेळापत्रके मागावीत. त्यांत सक्तीचे विषय आणि प्रात्यक्षिके आधी भरावीत, मग हवे ते विषय बसतात का पाहावे आणि प्रत्येकाला वेगळ्या वेळेचे दोन पर्याय शोधून ठेवावेत. वेळापत्रक द्यायला संस्था टाळाटाळ करत असेल तर तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून घ्यावे.

आपल्या पुरवणीलाही एक विनंती. विषयांच्या एकूण संख्येऐवजी संस्थांकडून चार रकाने मागवून छापा : विषय शेवटचा कधी शिकवला, जागा किती होत्या, भरल्या किती, आणि आधी काय शिकलेले असावे लागते. जे विद्यापीठ ही माहिती देणार नाही, त्याचा रकाना कोरा छापावा.

– एक निवृत्त प्राध्यापक