बॅलन्सिंगनंतरही स्टिअरिंग का थरथरते?

महोदय,

नवे टायर बसवले, बॅलन्सिंग झाले, तरी ८० ते १०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरते, ही तक्रार अनेकांची असते. बऱ्याचदा कारण सरळ असते. साधे बॅलन्सिंग मशीन चाक हवेत फिरवून फक्त वजनाचा असमतोल मोजते. टायरची भिंत एका जागी कडक, दुसरीकडे मऊ असेल, तर पडद्यावर शून्य येते आणि रस्त्यावर गाडी हादरते.

रोड फोर्स मशीनमध्ये फिरत्या टायरवर रोलरचा शेकडो किलोंचा दाब देऊन हा फरक मोजतात. मग टायरचा सर्वांत कडक भाग रिमच्या सर्वांत खोलगट भागासमोर आणायचा. त्यासाठी हवा काढा, बीड (टायरची रिमला घट्ट बसणारी कड) सोडवा, टायर फिरवा, पुन्हा हवा भरा आणि पुन्हा मोजा.

इथेच दुकानदार मागे सरतो. मशीन साध्यापेक्षा कितीतरी महाग, वेळ जास्त, आणि गिऱ्हाईक मात्र चाकामागे नेहमीचाच दर देणार. शिवाय टायरच सदोष निघाला तर वॉरंटीचा वाद त्याच्याच गळ्यात! त्याची अडचण खरी आहे. पण ही सोय आपल्याकडे नाही, एवढे तरी त्याने गिऱ्हाइकाला सांगावे.

साध्या मशीनवरही पुष्कळ सुधारता येते. रिमवर लावलेली जुनी वजने काढा, रिमच्या आतला चिखल खरवडा. चाक मशीनच्या दांड्यावर मध्यात धरणारा शंकू, म्हणजे कोन, योग्य मापाचा घ्या आणि शक्यतो चाकाच्या आतल्या बाजूने लावा. चाक मध्यात बसले नाही तर सगळे मापच खोटे. शून्य आल्यावर चाक सैल करून दांड्यावर अर्धा फेरा फिरवा, पुन्हा कसा आणि मोजा. आकडा बदलला, तर चूक बसवण्यात आहे.

— टायर व्यवसायातील एक जाणकार, पुणे