सदाफुलीला पाणी बेतानेच हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सदाफुली कशीही वाढते, या समजुतीने तिची फार आबाळ होते. मूळची मादागास्करची ही वनस्पती आपल्याकडच्या रणरणत्या उन्हात, मुरमाड जमिनीत, अगदी भिंतीच्या फटीतही तग धरते आणि जवळजवळ बारा महिने फुलते. तिला मारते ते साचलेले पाणी. गेल्या श्रावणात माझ्या गच्चीवरच्या बहरलेल्या झाडाने दोन दिवसांत मान टाकली. उपटून पाहिले, तेव्हा मुळांची काळपट साल बोटांत निसटून आली आणि कुंडीच्या तळाचे भोक चिखलाने बुजलेले निघाले. म्हणून तळाशी खापऱ्या घालाव्यात, मातीत वाळू मिसळावी आणि वरची माती दोन बोटे कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. थंडी सरता सरता रोडावलेल्या फांद्या छाटल्या, की नवे धुमारे फुटून झाड पुन्हा डेरेदार होते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगावीशी वाटते. हिच्यापासून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही कर्करोगावरील औषधे मिळतात, ती शुद्ध करून, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जातात. झाड मुळात विषारी असल्याने मधुमेहासाठी तिची पाने चावून खाणे कृपया थांबवावे.

आपला,
एक वाचक, सातारा